धेनूचे आयुष्य : वासरापासून वार्धक्यापर्यंत

देव्हाऱ्यापुढे पंचामृताची वाटी ठेवताना तीतील दूध, दही व तूप ही तिन्ही गाईची देणगी आहे, ह्याचे स्मरण आपणांस होते. परंतु ती गाय कोणती, तिने काल काय खाल्ले, ती कितव्या वेताची आहे आणि उद्या तिचे काय होणार, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. येण्यास कारणही उरलेले नाही. दूध आता प्लॅस्टिकच्या भांड्यातून दुकानातल्या शीतकपाटात येऊन बसते आणि तेथून आपल्या घरी येते. गोठा नावाची वस्तू मध्ये कोठे दिसत नाही.

आपल्या पूर्वजांची स्थिती निराळी होती. १८३४ सालापासून १९१० पर्यंत गिरमिटावर मॉरिशसला उतरलेल्या लक्षावधी लोकांत आपले कोकणातले आजे-पणजेही होते. दिवसभर साहेबाचा ऊस तोडून परतताना डोक्यावर वाढ्यांचा भारा असावयाचा, कारण घरामागे दावणीला गाय उभी असे. त्या एका गाईवर कित्येक कुटुंबांचे दूध, मुलांची फी आणि प्रसंगी जमिनीचा पहिला तुकडा उभा राहिला. त्रिनिदाद आणि गयाना येथील आपल्या बांधवांच्या घरीही हीच कथा ऐकावयास मिळते. गाय ही तेव्हा पूजेची देवता होती आणि घरची बँकही होती. तिच्या पोटाकडे दुर्लक्ष करणे कोणास परवडण्यासारखे नव्हते.

मात्र त्या वाढ्यांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढील सर्व विवेचनाचे बीज त्यांतच आहे. उसाचे वाढे हिरवेगार दिसतात, गाय ते आवडीने खाते आणि तिचे पोट भरलेले दिसते. परंतु त्यांत प्रथिने फार थोडी असतात, आणि ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य असते, ते खाद्यातील चुन्याला बांधून ठेवते व शरीरास मिळू देत नाही. म्हणून महाराष्ट्रात आजही वाढे घालणाऱ्या शेतकऱ्यास सांगतात की त्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी, आणि वाढ्यांच्या जोडीला पेंड व द्विदल वैरण द्यावी. पोट भरणे आणि पोषण होणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. ही साधी गोष्ट शास्त्राच्या गळी उतरविण्याचा मान मात्र आपण आज राहतो त्याच देशातील सोळा कालवडींस मिळाला.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील शेतीशाळेत १९०७ साली हा प्रयोग सुरू झाला. स्टीफन बॅबकॉक हे तेथील वृद्ध रसायनशास्त्रज्ञ; दुधातील स्निग्धांश मोजण्याची १८९० सालची त्यांची रीत जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्या काळी अशी समजूत होती की खाद्यातील प्रथिने, पिष्ट व स्निग्ध पदार्थ ह्यांचे आकडे सारखे असले म्हणजे खाद्य कोणतेही असो, परिणाम सारखाच व्हावयाचा. बॅबकॉक ह्यांचा ह्यावर विश्वास नव्हता. त्यांच्या आग्रहावरून हार्ट, हम्फ्री, मॅकॉलम व स्टीनबॉक ह्या चौघांनी सोळा कालवडी घेतल्या आणि त्यांचे चार-चारांचे गट केले. एका गटास केवळ मक्याचे खाद्य, म्हणजे दाणा मक्याचा आणि वैरणही मक्याचीच. दुसऱ्यास केवळ गव्हाचे, तिसऱ्यास ओटचे, व चौथ्यास तिन्हींचे मिश्रण. कागदावर चारही खाद्ये तोलून सारखी केलेली होती. गोठ्यात मात्र सारखेपणा टिकला नाही. मक्यावरच्या कालवडी तुकतुकीत झाल्या व त्यांना सुदृढ वासरे झाली. गव्हावरच्या कालवडी रोडावल्या, त्यांचे केस राठ झाले, आणि त्यांची वासरे अकाली जन्मून एक तर मृतच निघाली, नाही तर लवकरच गेली. ओटवाल्या मधल्या अवस्थेत राहिल्या. १९११ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, तेव्हा कागदी तराजूवरील श्रद्धेला चांगलाच हादरा बसला.

खाद्यात आकड्यांपलीकडचे काही तरी असते, एवढे ह्यावरून कळले. ते काय, ह्याच्या शोधात मॅकॉलम व मार्गरेट डेव्हिस ह्यांनी १९१३ साली लोण्यातील ते द्रव्य ओळखले, ज्यास आपण आज अ जीवनसत्त्व म्हणतो. आणि पिवळ्या मक्याच्या रंगाशी त्याचा संबंध असावा हे स्टीनबॉक ह्यांनी १९१९ मध्ये दाखविले. मुलांना गाजर व पालक खाण्याचा आग्रह करताना आपण जे शास्त्र सांगतो, त्याच्या पायाशी त्या मुक्या कालवडी आहेत. शाळेच्या पुस्तकांत शास्त्रज्ञांची नावे येतात, कालवडींची येत नाहीत, असो.

आता गाईच्या आयुष्याकडे वळू. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगप्रतिकाराची काहीही शिदोरी नसते. मनुष्याच्या बालकास आईच्या उदरातच ती काही अंशी मिळते. गाईच्या गर्भवेष्टनातून ती पलीकडे जात नाही. ती सारी चिकात साठविलेली असते. वासराच्या आतड्यांची दारे हे प्रतिकारद्रव्य जसेच्या तसे रक्तात घेण्यासाठी जन्मापासून सुमारे चोवीस तासच उघडी असतात, आणि तीही तासागणिक मिटत जातात. म्हणून येथील दक्ष गोपालक जन्मानंतर पहिल्या दोन तासांत मोठ्या जातीच्या वासरास तीन ते चार लिटर चीक पाजतात, आणि आठ-बारा तासांनी पुन्हा एकदा. चीक चांगला आहे की पातळ, हे डोळ्यांनी ठरवीत नाहीत. फळांच्या रसाची गोडी मोजण्याचे जे छोटे काचेचे उपकरण असते, त्यानेच तो मोजतात, आणि बावीसच्या वर आकडा आला तर तो उत्तम समजतात.

येथे आपल्या एका आवडत्या पदार्थाचा विषय निघतो. खरवस! वेलदोडा-जायफळ घातलेली ती वडी मलाही प्रिय आहे. परंतु पहिल्या धारेचा चीक हा वासराचाच. होल्स्टीन गाय पहिल्या वेळी वासराच्या गरजेहून पुष्कळ अधिक चीक देते, तेव्हा उरलेल्याचा किंवा दुसऱ्या-तिसऱ्या धारेचा खरवस करण्यास कोणाची हरकत असू नये. कोकणातील लहानखुऱ्या गाईच्या बाबतीत मात्र तसे नव्हते. तिच्या कासेत असे तेवढा चीक वासरासच पुरता पुरे. ज्या घरी खरवस आधी शेजारी पोहोचे व वासरू नंतर पीत असे, त्या घरची वासरे वारंवार का दगावत, ह्याचे उत्तर दृष्ट व नशीब ह्यांत शोधण्याची गरज नव्हती.

पुढचे दोन महिने दुधाचे. अमेरिकेत पूर्वी वासरास दिवसाला चार लिटर दूध पुरे मानीत. आता त्याच्या दुप्पट देण्याकडे कल आहे, कारण छप्पन्न दिवसांत वासराचे वजन जन्माच्या दुप्पट व्हावे असा संकेत आहे. चाळीस किलोचे वासरू ऐंशी किलोचे होणे ही काही लहानसहान वाढ नव्हे. येथील थंडीचाही विचार करावा लागतो. तान्ह्या वासरास पंधरा अंश सेल्सिअसच्या खाली उतरताच ऊब राखण्यासाठी अधिक अन्न लागते. न्यूयॉर्ककडच्या माघातल्या थंडीत, पारा गोठणबिंदूच्या खाली असताना, उन्हाळ्याइतकेच दूध पाजणे म्हणजे त्यास अर्धपोटी ठेवणे होय.

दुधाबरोबरच पहिल्या आठवड्यापासून मूठभर भरडा आणि स्वच्छ पाणी पुढे ठेवावयाचे असते. ह्यामागील कारण मोठे मनोरंजक आहे. गाईचे मोठे पोट, जेथे रवंथाचे सर्व कार्य चालते, ते जन्मतः पिटुकले व निरुपयोगी असते. प्यायलेले दूध त्यास वगळून थेट पुढच्या पोटात जाते. भरड्यातील दाणा तेथे आंबतो, त्यातून आम्ले निघतात, आणि त्या आम्लांनी पोटाच्या आतील अस्तरावर केसाळ गालिच्यासारखे कोंब फुटतात. पुढे आयुष्यभर अन्नरस शोषण्याचे काम हेच कोंब करतात. केवळ गवत चघळून पोट ताणते, परंतु हे कोंब नीट फुटत नाहीत. वासरू लागोपाठ तीन दिवस किलोभर भरडा खाऊ लागले, म्हणजे दूध तोडण्यास हरकत नाही.

कालवडीच्या दिवसांविषयी फार सांगावयास नको. ती ह्या काळात ना दूध देते, ना फारशी आजारी पडते, म्हणून गोठ्यातील सर्वांत दुर्लक्षित प्राणी तीच. येथे तिचे वय न पाहता वजन पाहतात : पूर्ण वाढलेल्या गाईच्या पंचावन्न टक्के वजन झाले म्हणजे ती भरविण्यास योग्य, आणि हे तेराव्या ते पंधराव्या महिन्यात साधते. दोन वर्षांची होता होता ती विते. आपल्याकडील गावरान कालवड चौथ्या वर्षी वीत असे, त्यास तिची जात जितकी कारण, तितकीच उन्हाळ्यातील रिकामी गव्हाणही. उलट टोकही वाईटच. घाईने धान्य चारून कालवड लठ्ठ केली, तर कासेत दुग्धपेशींच्या जागी चरबी साठते आणि ती जन्मभर कमी दूध देते. लाडावलेल्या विद्यार्थ्यासारखी तिची गत होते, असे म्हणण्याचा मोह एखाद्या शिक्षकास झाल्यास वाचकांनी क्षमा करावी.

गाय सुमारे दोनशे ऐंशी दिवस गाभण असते. ह्यांतील शेवटचे साठ दिवस तिला आटवितात. पूर्वीच्या लोकांस हे पटणे कठीण जाई. धार येते आहे तोवर काढावी, अशीच सर्वांची वृत्ती. परंतु कासेला विश्रांती न देता पुढचे वेत आले तर दूध लक्षणीय घटते. ह्या काळात दुभत्या गाईचे आंबोण बंद करून साधी वैरण द्यावयाची, व अंगावर फार मांस चढू द्यावयाचे नाही.

खरी परीक्षा शेवटच्या तीन आठवड्यांत होते. व्याल्यानंतर एक-दोन दिवसांत गाय थरथरते, तिचे कान गार पडतात, ती खाली बसते ती उठत नाही, मान वळवून कुशीवर टाकते. हाच दुग्धज्वर. नाव ज्वर असले तरी अंग उलट थंड असते. बाहेरची बाधा मानून पूर्वी ह्यावर अंगारे-धुपारे होत. वस्तुतः गाईच्या साऱ्या रक्तात कोणत्याही क्षणी अवघा तीनेक ग्रॅम चुना असतो, आणि दहा लिटर चिकाबरोबर वीस ग्रॅमांहून अधिक चुना अंगाबाहेर जातो. हाडांच्या कोठारातून तो तातडीने निघाला नाही, तर स्नायू लुळे पडतात. १८९७ साली श्मिट नावाच्या डॅनिश पशुवैद्याने कासेत औषध भरून हा रोग बरा केला. मागाहून कळले की औषध नको, नुसती हवा भरली तरी गाय उठते, कारण फुगलेल्या कासेत दूध उतरण्याचे थांबते व रक्तातला चुना रक्तातच राहतो. आज शिरेतून चुन्याचे द्रावण हळूहळू देतात आणि तासाभरात मरणोन्मुख गाय उभी राहिलेली दिसते. ज्याने हे एकदा पाहिले तो विसरत नाही.

परंतु प्रतिबंधाची रीत ऐकून सामान्य बुद्धीला धक्का बसतो. चुना कमी पडतो म्हणून विण्यापूर्वी अधिक चुना चारावा, असे कोणासही वाटेल. तसे केले तर रोग वाढतो! खाद्यातून आयता चुना मिळू लागला म्हणजे हाडांतून तो काढणारी यंत्रणा सुस्त होते आणि ऐन वेळी जागी होत नाही. तसेच ज्या वैरणीत पोटॅश फार, म्हणजे लसूणघास किंवा साखर कारखान्याची मळी, ती ह्या तीन आठवड्यांत कमी करावयाची, कारण पोटॅशमुळे रक्त किंचित क्षारधर्मी होऊन हाडे चुना सोडीत नाहीत. म्हणून येथील शेतकरी ह्या दिवसांत मुद्दाम काही विशिष्ट लवणे देऊन गाईचे रक्त थोडेसे आम्लाकडे झुकवितात, आणि तो नेम साधला की नाही हे तिच्या मूत्राची परीक्षा करून पाहतात. व्यालेल्या गाईस गूळ-बाजरीचे आंबोण घालण्याची आपली रीत चुकीची नाही. त्या दिवशी तिला ऊर्जा व कोमट पाणी ह्या दोन्हींची निकड असतेच. चूक होते ती हाच गोडवा विण्याच्या आधी तीन आठवडे चालू ठेवल्याने.

आता दुभती गाय. दूध सहाव्या ते आठव्या आठवड्यात शिखरास पोहोचते, परंतु तिची भूक त्यानंतर महिनाभराने शिखर गाठते. मधल्या काळात ती स्वतःच्या अंगावरची चरबी वितळवून दूध देते. जमेपेक्षा खर्च अधिक असलेल्या संसाराप्रमाणे तिची ओढाताण चाललेली असते, आणि ती हाताबाहेर गेली तर यकृत बिघडून श्वासाला उग्र गोड वास येऊ लागतो. चांगली होल्स्टीन गाय शिखरावर असताना दिवसाला चाळीस-पन्नास लिटर दूध देते, पंचवीस किलोंवर सुका आहार खाते व शंभर लिटरांहून अधिक पाणी पिते. पाण्याचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. दुधाचा बहुतांश भाग पाणीच आहे, आणि गढूळ हौदावर पाणी पिण्यास कंटाळलेली गाय कितीही पेंड घातली तरी दूध देणार नाही.

तिचा आहार पाहिला तर आपणांस परके वाटणारे त्यात थोडेच आहे. मक्याचा मुरघास, लसूणघास, भरडलेला मका, सोयाबीनची पेंड आणि, वऱ्हाडातील शेतकऱ्यास ऐकून आनंद व्हावा अशी, सरकी! येथेही दुधाला दाटपणा येण्यासाठी आख्खी सरकी घालतात; मात्र तीत गॉसिपॉल नावाचे विषद्रव्य असल्याने दिवसाला तीन किलोंच्या वर जाऊ देत नाहीत. कॅलिफोर्नियात बदामाची फोलपटे, फ्लॉरिडात संत्र्याचा चोथा घालतात, म्हणजे माणसाने टाकलेले ते गाय दूध करून परत देते. हे सारे एका गाडीत कालवून एकजीव करतात, जेणेकरून गाईने गोड तेवढे निवडून खाऊ नये. धान्याचा अतिरेक झाला तर पोट आंबते, खुरे दुखतात, दुधातील स्निग्धांश घटतो. म्हणून अनुभवी माणूस गोठ्यात शिरताच बसलेल्या गाईंकडे पाहतो : निम्म्या तरी रवंथ करीत असल्या तर आहारात धागा पुरेसा आहे असे समजावे. रवंथ करणारी गाय पाहून आपल्या आजीला जे समाधान वाटे, त्यामागे तेच ज्ञान होते.

ह्या शास्त्राचे फळ काय झाले? १९४४ साली ह्या देशात सुमारे दोन कोटी छप्पन्न लाख दुभत्या गाई होत्या व एक गाय वर्षाला दोन हजार किलोंच्या आसपास दूध देई. २००७ मध्ये गाई ब्याण्णव लाख उरल्या आणि प्रत्येकीचे दूध नऊ हजार किलोंवर गेले. आज ते अकरा हजारांच्या घरात आहे. गोठे मात्र झपाट्याने मिटले. १९७० मध्ये साडेसहा लाखांच्या आसपास असलेली त्यांची संख्या २०२४ मध्ये पंचवीस हजारांवर आली. संख्येचे हे यश कोणीही नाकारू नये. थोड्या गाई, थोडी जमीन, पुष्कळ दूध. पण आकड्यांनी मोहून जाऊन उरलेले दोन प्रश्न विसरणेही आपणांस शोभणार नाही.

पहिला प्रश्न खाद्याच्या शुद्धतेचा. कत्तलखान्यातील मांस व हाडांची भुकटी स्वस्त प्रथिन म्हणून गुरांच्या आहारात घालण्याची रीत पाश्चात्त्य देशांत दीर्घकाळ होती. ब्रिटनमध्ये १९८६ साली गाईंना वेड लावणारा प्राणघातक रोग ओळखला गेला, आणि त्याचे मूळ ह्या भुकटीत निघाले. अमेरिकेने १९९७ साली रवंथ करणाऱ्या जनावरांस अशी भुकटी घालण्यास बंदी केली. तृणभक्षी प्राण्यास त्याच्याच जातीचे मांस खाऊ घालू नये, हे समजण्यास एवढा अनर्थ घडावा लागला. तथापि त्या बंदीतून रक्तापासून केलेले पदार्थ वगळलेले आहेत, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसते. नैवेद्याच्या दुधाविषयी ज्यांस आस्था आहे त्यांनी दूधवाल्या शेतकऱ्यास हा प्रश्न सरळ विचारावा. छोटे शेतकरी उत्तर देण्यास संकोच करीत नाहीत. प्रमाणित सेंद्रिय दुधाच्या गाईंस प्राणिज रक्त-मांसाचे खाद्य वर्ज्य असते, हा एक साधा मार्ग आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. गाईचे नैसर्गिक आयुष्य वीस वर्षांच्या आसपास. ह्या देशातील दुभती गाय सरासरीने पाच-सहा वर्षांची होता होता, तीनेक वेतांनंतर, गोठ्यातून जाते. कोठे जाते, हे लिहिण्याची गरज नाही. गोऱ्ह्यांची वाट त्याहूनही आखूड. येथील पोषणशास्त्राचा जाडजूड प्रमाणग्रंथ, ज्याची आठवी आवृत्ती २०२१ साली निघाली, तो वासरू, कालवड, भाकड व दुभती ह्या सर्वांच्या आहाराचे तक्ते देतो. म्हाताऱ्या गाईचा तक्ता त्यात नाही. असणार कसा? म्हातारी गाय तेथे नसतेच. वसुबारसेला आपण सवत्स धेनूची पूजा करतो, त्या दिवशी गाईचे दूध वर्ज्य करून ते वासराचे मानतो. त्या पूजेतील वासरू गोऱ्हा असेल तर काय, ह्याचे उत्तर मात्र आपण शेतकऱ्यावर सोडून देतो.

त्या शेतकऱ्यास दोष देणे सोपे आहे, म्हणून मी एक हिशेब मांडून पाहिला. त्यात शाळामास्तरी भोळेपणा असल्यास जाणकारांनी दुरुस्त करावा. काम न करणाऱ्या व दूध न देणाऱ्या मध्यम जनावरास दिवसाला सुमारे बारा किलो सुके गवत लागते, म्हणजे वर्षाला चार टनांहून थोडे अधिक. पहिल्या दोन लहानपणच्या वर्षांत कमी धरले तरी अठरा वर्षे जगणाऱ्या एका गोऱ्ह्यास जन्मभरात सत्तर टनांच्या आसपास गवत पाहिजे. टनास दोनशे डॉलर धरले तर हा खर्च चौदा हजार डॉलर. गाय एका वेतात दहा हजार लिटर दूध देते आणि निम्मी वासरे नर असतात असे मानले, तर लिटरमागे सत्तर सेंट केवळ गोऱ्ह्यांच्या पोटासाठी बाजूस ठेवावे लागतील; आणि गाईचे स्वतःचे म्हातारपण त्याहून वेगळे. ह्या उलट शेतकऱ्याच्या हाती एका लिटरमागे पन्नास सेंटांच्या आसपास पडतात. तेवढ्यात तो गोरक्षण कसे करणार? गाय दरवर्षी न वितवता एका वेताचे दूध दोन-दोन वर्षे काढीत राहणे, गोऱ्ह्यांना औताला जुंपणे, आणि दुधाची दुप्पट-चौपट किंमत मोजणारे ग्राहक मिळविणे, हे तीन मार्ग एकत्र आले तरच जमाखर्च जुळतो. पश्चिम व्हर्जिनियात १९६८ साली स्थापन झालेले न्यू वृंदावन व पेन्सिल्व्हेनियातील पोर्ट रॉयलची गीता-नगरी येथे कृष्णभक्त मंडळी म्हाताऱ्या गाई-बैलांसह असे गोपालन करतात. तेथील दूध महाग का, हे आता वाचकांस विचारावे लागू नये.

ओघात एक गोष्ट सांगतो, जी वाचून मला विलक्षण वाटले. १८५४ साली ब्रिटिश सरकारने लुइझियानातील रिचर्ड बॅरो नावाच्या मळेवाल्यास भारतातील दोन वळू भेट दिले. ऊस व कापूस ह्यांच्या लागवडीचे शिक्षण दिल्याबद्दल ती भेट होती. पुढे आणखी वळू आले, काही थेट, काही ब्राझीलमार्गे, आणि गीर, गुजरात, नेलोर व आपल्या कृष्णाकाठची गुरे ह्यांच्या मिश्रणातून अमेरिकेत ब्राह्मण नावाची वशिंडाची जात तयार झाली. १९२४ साली तिची संस्थाही निघाली. आपले पूर्वज उसासाठी समुद्रापार गेले, त्याच सुमारास ही गुरेही उसाच्याच निमित्ताने समुद्रापार आली. त्यांच्या हाती मात्र गिरमिटाचा कागदही नव्हता, आणि पाच वर्षांनी सुटका तर नव्हतीच.

आपल्यापैकी काहींनी अलीकडे पेन्सिल्व्हेनियात व न्यूयॉर्कच्या उत्तर भागात जमिनी घेतल्या आहेत, आणि एखादी म्हातारी गाय पाळावी अशी इच्छा बोलून दाखविली आहे. त्यांच्यासाठी चार व्यवहारी गोष्टी लिहितो. म्हाताऱ्या गाईस दुभत्या गाईचे आंबोण घालू नये. त्याने ती लठ्ठ होऊन तिचे पाय जातात. तिच्या दाढा झिजलेल्या असतात, म्हणून राठ कडब्यापेक्षा वेळेवर कापलेले मऊ गवत द्यावे, आणि ती अर्धवट चघळलेल्या गवताचे गोळे तोंडातून टाकू लागली, तर गवत भिजवून किंवा कुट्टी करून घालावे. मिठाचा दगड व खनिजांचे मिश्रण समोर असावे. तिच्या बरगड्या थंडीतल्या दाट केसांखाली दिसत नाहीत, म्हणून दर महिन्याला हाताने चाचपून पाहाव्या. वर्षातून दोनदा खुरे कापून घ्यावी. गवत विकत घेण्यापूर्वी त्याचे पृथक्करण करून घ्यावे. १९१४ च्या कायद्याने प्रत्येक राज्यात उभ्या राहिलेल्या शेती विस्तार सेवेची कचेरी आपल्या परगण्यात बहुधा असतेच, आणि मूठभर गवत कोठे तपासून घ्यावे हे तेथील लोक थोडक्या खर्चात सांगतात. गाय एकटी ठेवू नये, ती कळपाचा प्राणी आहे. दोन घ्याव्यात, किंवा घेऊच नयेत. आणि पौष-माघात हौदातील बर्फ फोडण्याचे काम सकाळ-संध्याकाळ कोण करणार, हे गाय आणण्यापूर्वी घरातील सर्वांनी बसून ठरवावे, कारण तहानलेली गाय बर्फ चाटीत उभी राहते व चारा सोडते, आणि ते दिसून येईपर्यंत आठवडा उलटून गेलेला असतो.